रेडा आणि टाचणी

७ एप्रिल, मंगळवार

जावई आज चार वेळा मेला. चारही वेळा जळून! शेवटच्या वेळी विमानाचे शेपूट तुटून निराळे पडले, उरलेले धूड गरगरत खाली गेले आणि जमिनीत घुसले, तेव्हा तिन्ही पडदे लाल झाले. मग त्याने डोक्यावरचा हेडफोन काढून भिंतीवर हाणला.

हे मरण अर्थात खोटे. संगणकावरचे. लढाऊ विमानांचा खेळ – पण 'खेळ' म्हटलेले त्याला चालत नाही, 'सिम्युलेटर' म्हणायचे. मागच्या खोलीत खुर्ची, समोर तीन पडदे, गुडघ्यांमध्ये विमान वळवायची काठी, डाव्या हाताशी वेगाचा दांडा, पायांत पेडल. दिवसभर लिफ्ट विकणारा माणूस संध्याकाळी त्या खुर्चीत बसला की वैमानिक होतो.

लेकीचा कान मात्र खोटा नाही. डाव्या कानाचा पडदा फाटला आहे. "काडी घातली होती गं आई, कोणाचा तरी धक्का लागला." कानाच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे. काडीने गालावर चार बोटे उमटत नाहीत.

बॅग घेऊन राहायला आले आहे. कान बरा होईपर्यंत, असे सांगितले आहे.

८ एप्रिल, बुधवार

सकाळी जावयाला साहेबाचा फोन. साहेब इतका ओरडत होता की टेबलाच्या पलीकडे मला ऐकू येत होते – गाढव, बिनडोक, आणखी बरेच काही. हा हसतमुख. "हो सर. माझंच चुकलं सर. लगेच बघतो सर." फोन ठेवला आणि मला विचारले, "आई, अजून थोडा चहा देऊ?"

संध्याकाळी पुन्हा युद्ध. यांची एक टोळी आहे. सगळे आपापल्या घरी बसून एकाच आकाशात उडतात, एकमेकांचे आवाज स्पीकरवर येतात. म्होरक्याला मास्तर म्हणतात – खरोखरच शाळेत शिकवतो. एक भोपळ्या, कारण त्याच्या नावावर आजवर एकही शिकार नाही. आणि आमचे जावई म्हणजे ससाणा! दर शनिवारी दुसऱ्या टोळ्यांशी सामना. दर शनिवारी आमचा ससाणा भाजून निघतो.

भांडण विमानावरून आहे. या टोळीच्या वाट्याला दोन इंजिनांचे, अवजड विमान आले आहे. सगळे त्याला रेडा म्हणतात. समोरच्यांकडे एका इंजिनाचे, हलके, निमुळते – टाचणी. टाचणी चटकन वळते, मागे येते आणि टोचते.

"रेडा भंगार आहे," जावई. "बनवणाऱ्यांनीच मुद्दाम लुळा करून ठेवलाय." मास्तरांनी दोन्ही विमानांचा तुलनेचा तक्ताही केला आहे, त्यातही रेडा हरतो.

मग मला ऐकवले, "आई, तुम्ही कंपनीत पंपांचे ग्राफ काढायचात ना? आमच्या रेड्याचा काढा एकदा!"

स्पीकरवर हशा. भोपळ्या म्हणाला, "आजी, रेड्याला रोज पाणी किती दाखवायचं तेही सांगा!"

मी म्हटले, "काढते. पासवर्ड द्या."

हशा थांबला.

१० एप्रिल, शुक्रवार

दोघे कामावर गेले की खोली माझी. फिजिक्स घेऊन पदवी, मग सारी नोकरी पंपांच्या चाचणी विभागात. पंप आणि विमान यांत फरक एवढाच, की पंप डोंगरावर आपटत नाही.

आज दिवसभर आपटले. धावपट्टीवर, पाण्यात, एकदा चक्क आमच्याच विमानतळाच्या कचेरीवर! काठी जोरात ओढली की वैमानिकाच्या डोक्यातले रक्त पायांत उतरते. पडदा कडांकडून काळा होत येतो, मधोमध नाण्याएवढे आकाश उरते, मग तेही जाते. शुद्ध येते तेव्हा समोर जमीन.

दुपारी संगणकानेच चालवलेले एक शत्रूचे विमान समोर सोडून पाहिले. कितीतरी वेळ ते माझ्या मागे, मग मी त्याच्या मागे. मध्ये आले. तोफ दाबली – जेमतेम एक उचकी लागावी तेवढीच. त्याचा उजवा पंख मुळापासून निखळला. विमान पालथे झाले, आतल्याने उडी टाकली, छत्री उघडली आणि पेटली. तो जळत खाली गेला, मी वरून पाहत राहिले.

उठून पाणी प्यायले. इथे खोटे कशाला लिहू – बरे वाटले. त्या पेटलेल्या माणसाला मी कोणाचा चेहरा दिला होता तेही मला पक्के ठाऊक आहे.

११ एप्रिल, शनिवार

टोळी हरली. ताट भिंतीवर. लेकीने फरशी पुसली, मी भिंत.

१२ एप्रिल, रविवार

कानात थेंब घालताना तिला विचारले, "शनिवारी हरला की होतं का हे?"

ती मान कलती ठेवून पडलेली. थेंब मुरेपर्यंत हलायचे नसते, त्यामुळे पळायला जागा नव्हती.

"काय होतं?"

"ठमे, मी तुझी आई आहे. विमा कंपनीचा माणूस नाही."

खुदकन हसली. मग डोळ्यांतून पाणी. कुशीवर होती, म्हणून दुसऱ्याच कानात गेले. "हरला की तोल जातो गं त्याचा. जिंकला की गाणी म्हणतो. मग आठवडाभर काही नाही. मी तर शनिवारी देवाला म्हणते, दोन तरी पाड रे त्याच्या हातून."

"आणि नाही पाडली की?"

"तेव्हा मी लवकर झोपते."

चल माझ्याकडे, असे म्हणून पाहिले. तिने उशी फिरवली. बरे. ती हलणार नसेल तर निदान तो हरता कामा नये. पोरीची हाडे शाबूत राहायची असतील तर या माणसाला दर शनिवारी जिंकवायचे. आणि ते माझ्या आवाक्यातले आहे.

१४ एप्रिल, मंगळवार

सापडले! आणि इतके बाळबोध, की मला राग आला.

चाचणीचा पहिला नियम – एक गोष्ट मोजायची तर बाकीच्या सारख्या ठेवा. मास्तरांनी ठेवल्या आहेत. उंची सारखी, हवा सारखी, क्षेपणास्त्रे सारखी. आणि तेल? दोन्ही विमाने अर्ध्या टाकीवर. 'सारखे' म्हणून!

अहो, रेड्याची टाकी केवढी, टाचणीची केवढी! रेड्याची अर्धी टाकी म्हणजे टाचणीच्या तिप्पट तेल. इंजिने दोन, म्हणजे जाळणारही दुप्पट. तरी टाचणीचे तेल संपून ती घरी जाते तेव्हा याच्या पोटात ढीगभर शिल्लकच. टाकीची टक्केवारी सारखी करून काय उपयोग? लढायची मिनिटे सारखी हवीत. आणि आमचे जावई तर टाकी काठोकाठ भरून निघतात – "कमी पडायला नको."

तेल बेताचे भरले. पाच हजार फुटांवर, पूर्ण ताकदीने, वेग वाढू न देता आणि पडू न देता गोल फिरले. माझे जुने स्टॉपवॉच मांडीवर. अर्ध्या टाकीवर रेडा एका गिरकीला टाचणीपेक्षा चार सेकंद मागे होता. आता जेमतेम एक. आणि नाक सरळ वर केले, तर टाचणी अर्ध्या वाटेवर धापा टाकते, रेडा चढतच राहतो!

रेडा लुळा नाही. पोट फुटेस्तोवर चारून त्याला झुंजीला सोडत होते.

दुसरी गोष्ट तेवढीच महत्त्वाची. टाचणीशी वळणावळणीत पडायचेच नाही. जो काठी हिसडतो तो वेग सांडतो, आणि वेग सांडलेले विमान म्हणजे टांगलेला बोकड. वेग राखायचा, वर जायचे, तिला खाली धडपडू द्यायचे, मग वरून उतरायचे तिच्या मानेवर.

१५ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी सांगितले, स्पीकर चालू असताना. जावयाचा जबडा आवळला. "आई, आम्ही चार वर्षं उडवतोय हे."

स्वयंपाकघरात लेकीचा भाजी चिरणारा हात थांबला. मी आता विमानांइतकेच त्या हाताकडे लक्ष ठेवते.

स्पीकरवर मास्तर आकडे पुटपुटत पुन्हा मांडू लागले. मग, "अरे देवा... ससाण्या, मी पोरांना गणित शिकवतो रे! कोणाला सांगू नकोस."

सगळे फिदीफिदी हसले. जावईही हसला. त्याच रात्री बेताच्या तेलावर उडून दोन पाडली. गाणे म्हणाला. सूर वाईट आहे. लेकीचा हात पुन्हा चालू झाला.

१८ एप्रिल, शनिवार

कत्तल!

समोर आठ टाचण्या. आमचे सहा रेडे उंचावर, वेग राखून. टाचण्या खालून वर बघत वळताहेत, वळताहेत, दमताहेत – आणि मग एकेक रेडा खाली. पहिली मधोमध फाटली, जशी उसवलेली उशी. दुसरीच्या काचेतून गोळ्या गेल्या, आतला बसल्या जागी संपला, आणि विमान तसेच शहाण्यासारखे सरळ उडत राहिले, समुद्रापर्यंत. भोपळ्याने आयुष्यातली पहिली शिकार केली आणि तोंडाने बँड वाजवला. जावयाची तीन.

मी दारात उभी. प्रत्येक स्फोटाला मनात म्हणत होते, हा तिच्या पाठीवरचा एक कमी. हा आणखी एक कमी.

२१ एप्रिल, मंगळवार

घर शांत. कानही भरत आला आहे.

आता घराची एक पद्धत बसली आहे. सहा वाजता मी तेलाचे आकडे भरून ठेवते. लेक पाण्याची बाटली ठेवते, खिडकी लावते, शेजारच्या पोरांना अंगणातून हाकलते, घंटीचे बटण बंद करते. सात वाजता स्वारी येऊन बसते. विमानतळावर विमान पुसणारे, तेल भरणारे असतात ना – ते आम्ही मायलेकी.

लेक म्हणाली, "आई, तू आल्यापासून किती बरं चाललंय!"

मला ते फार लागले, पण काय लागले ते धरता येईना.

२५ एप्रिल, शनिवार

उपांत्य सामना. जिंकले. जावयाने एकट्याने पाच पाडली. शेवटच्याला तर त्याने उगाच मारले. त्याचे इंजिन आधीच अर्धमेले, तो पांढरा धूर सोडत घरी चाललेला, निरुपद्रवी. जावई त्याच्या बाजूला जाऊन उडला, हात हलवला, मागे आला आणि जवळून, सावकाश, आधी एक पंख, मग दुसरा. मास्तर म्हणाले, "बास रे, मेलाय तो." हा हसत होता.

मग स्पीकरवर आरडाओरडा, अभिनंदन. मास्तर म्हणाले, "पण खरं सांगू का, हे सगळं सासूबाईंचं डोकं! ससाण्या, फायनलला तू घरी बस, त्यांना पाठव."

सगळे हसले. लेकही हसली. मोठ्याने, लहानपणी हसायची तशी.

जावयाने हसतच सगळ्यांचा निरोप घेतला. माइक बंद केला. हेडफोन खुंटीला अडकवला, वायर नीट गुंडाळली. पडदे एकेक करून मालवले. "आई, तुम्ही दमला असाल, पडा आता," म्हणाला. लेकीला म्हणाला, "जरा आत ये."

झोपायच्या खोलीचे दार लागले. मग धप्. पुन्हा धप्. किंचाळी नाही. तोंडावर उशी असावी. मी दार बडवले. उघडले तेव्हा ती पलंगाच्या कडेला बरगडी धरून बसलेली आणि तो कपाटात शर्ट लावत होता.

"आई, यात तुम्ही पडू नका."

जिंकला होता. जिंकला होता!

२६ एप्रिल, रविवार

तिला श्वास पुरा घेता येत नाही. डॉक्टरकडे यायला तयार नाही. मी म्हटले, आत्ता, अशीच, चपला घाल आणि चल.

"कुठे?"

"माझ्या घरी. दोन खोल्या आहेत. एकीत मी घोरते, दुसरी रिकामी आहे."

"तो मुद्दाम नाही करत आई. त्याचा ताबा सुटतो. मग स्वतःच रडतो. तुझ्यावर कधी आवाज तरी चढवलाय का त्याने? कुठल्या मोठ्या माणसावर? माझंच काहीतरी चुकतं बघ."

पंपांचे एक होते. किती दाब सोसतो हे कागदावरून कळत नसे. दाब वाढवत न्यायचा, वाढवत न्यायचा, आणि फुटतो तिथे खूण करायची. याचा ताबा जर खरोखर सुटत असेल तर तो माझ्यासमोर, माझ्यावरही सुटेल. सुटू दे. एकदा माझे तोंड फुटू दे. स्वतःचे दुखणे ती गिळते. माझ्या तोंडातून रक्त आलेले ती गिळणार नाही. तेव्हा चालेल माझ्याबरोबर.

बासष्ट वर्षांचे तोंड आहे. खालचे दोन दात तसेही हलतात.

२८ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी भर स्पीकरवर म्हटले, "जावईबापू, नऊ तारखेच्या फायनलच्या आधी माझ्याशी एक झुंज खेळा. एकास एक. दोघांना रेडाच, तेलही तेवढेच. म्हणजे विमानाला नावे ठेवायला जागा नको, फक्त हात कोणाचा ते दिसेल."

भोपळ्याने शिट्टी मारली. मास्तर म्हणाले, "रविवारी दुपारी! मी शाळेच्या वह्या तपासायचं रद्द करतो."

"या की आई," जावई म्हणाला. "हळूच पाडीन."

१ मे, शुक्रवार

त्याच्या जुन्या लढायांची चित्रणे संगणकात साठवलेली असतात. पुन्हा पुन्हा पाहिली. समोरासमोर येऊन दोन विमाने एकमेकांना ओलांडतात त्या क्षणी तो काठी हिसडतो. दर वेळी. लगेच मारायचे असते त्याला, थांबवत नाही. आणि मग वेग संपलेला, नाक वर, लोंबकळत.

लेकीने विचारले, "आई, कशाला त्याला डिवचतेस?"

मी पुढचे चित्रण लावले. भ्याले आहे का? हो. भ्याले आहे.

३ मे, रविवार

घरी आले आहे, माझ्या. संध्याकाळ. जसे झाले तसे लिहिते.

जेवणाच्या टेबलावर त्याचा जुना संगणक आणि जुनी काठी मांडली. अवजड काठी, खाली लोखंडी बूड. तो आतल्या खोलीत, मी बाहेर. मध्ये दार उघडे. लेक भिंतीला टेकून. स्पीकरवर अख्खी टोळी.

पहिली मी हरले. घाई केली. गोळ्या पाठीतून शिरल्या आणि मी हवेतच फुटले. "सॉरी हं आई!" आतून.

दुसरी. समोरून आला, ओलांडले. त्याने हिसडली. मी नाही. मी सरळ वर गेले, इतकी वर की निळे काळे व्हायला लागले. खाली तो, वळता वळता दमलेला. उतरले. त्याच्या काचेवरच. डोके जिथे होते तिथे भोक. मास्तर पुटपुटले, "आई गं..."

तिसरी. तसेच. पंख उपटले. चौथी. तसेच! पाठोपाठ, तीच चूक, तोच माणूस. मी त्याला जळताना, तुटताना, पाण्यावर आपटून चिंधड्या होताना पाहिले आणि दर वेळी पुन्हा हवा होता. भोपळ्या किंचाळत होता, "ससाण्या, सासूने सोलला रे तुला!" पाचवीला तो उडी टाकून बाहेर पडला. मी छत्रीभोवती वळसा घेतला. आणि त्याने आठवड्यापूर्वी त्या धुराच्या विमानाला केले तसे सावकाश केले.

मग हेडफोन काढून बसले. डोळे मिटले. आता येईल. ये.

तो आला. माझ्यासमोर उभा राहिला. आणि टाळ्या वाजवल्या!

"वा आई! मानलं तुम्हाला!" माझ्या खांद्यावर हात ठेवला, हलका, जावयाने ठेवावा तसा. स्पीकरकडे वळून म्हणाला, "ऐकलंत ना? फायनलला आईच!" सगळ्यांशी दोन शब्द हसून. माइक बंद. हेडफोन खुंटीला. वायर गुंडाळली.

तेव्हा मला कळले. ज्याचा ताबा सुटतो तो आधी वायर गुंडाळत नाही. साहेबावर सुटत नाही, माझ्यावर सुटत नाही, टोळीसमोर सुटत नाही. याचा ताबा कधीच सुटला नव्हता. हरल्या-जिंकल्याशी याचा काही संबंधच नव्हता. मी एवढे मोजले ते सगळे चुकीच्या मीटरवर!

"जरा आत ये," लेकीला म्हणाला.

ती निघालीसुद्धा. माझ्या लेकीचे पाय आपोआप निघाले.

दार लागायच्या आत मी पोहोचले. त्याच्या डाव्या मुठीत तिचे केस, उजवा हात मागे गेलेला. माझ्या हातात ती जुनी काठी होती, वायर लोंबत असलेली. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि बुडाकडून त्याच्या उजव्या मनगटावर आणली. हाड मोडल्याचा आवाज त्या सिम्युलेटरमध्ये नाही. ओल्या फांदीसारखा असतो. तो गुडघ्यांवर आला. मी पुन्हा उचलली. मी थांबणार नव्हते, हे मला इथे लिहायला हवे.

थांबवले लेकीने. माझे मनगट धरून, ओरडत, "काय केलंस तू! जा! आधी जा इथून! पुन्हा येऊ नकोस!" त्याच्यापाशी बसली. त्याचे डोके मांडीवर घेतले. तो रडत होता.

मी बॅग उचलली आणि बस धरली.

४ मे, सोमवार

पोलिसांची वाट पाहत बसले. चांगली साडी नेसून. कोणी आले नाही.

संध्याकाळी मास्तरांचा फोन. "सासूबाई, ससाणा जिन्यावरून घसरला म्हणे? मनगटाची दोन्ही हाडं गेली. आता फायनल कशी खेळायची हो?"

जिन्यावरून! आजपर्यंत या घरात लेकच घसरत होती.

लेकीला फोन केले. उचलत नाही. शेवटच्या वेळी कट केला. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसली असेल, घास भरवत असेल. एका फटक्यात मी मुलगी त्याच्या पदरात टाकून आले.

दाबाची चाचणी केली, पंप फुटला नाही. चाचणी घेणारी फुटली.

५ मे, मंगळवार

फोन नाही.

६ मे, बुधवार

लेकीचा फोन. कुजबुजत. "आई, रविवारी ओरडले ते तू जावीस म्हणून गं. नाहीतर तू दुसराही हात मोडला असतास आणि आत गेली असतीस. डॉक्टर म्हणतात, दीड महिना उजवा हात उचलायचा नाही. घास मीच भरवतेय. भरवता भरवता काय काय न्यायचं ते ठरवलं. गोळी घेऊन दुपारी गाढ झोपतो. टेम्पो घेऊन ये – आणि आई, लवकर."

निघाले.